आई, हा माझा नवा नंबर

परत आले तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांत माझ्याकडे तक्रारींची एक जाड फाइल तयार होईल. जमले ते किस्से, आणि त्यांना फाइल पुरत नाही. कुणाकडे चहाला बसलं की एक आठवतो, त्याला लागून दुसरा निघतो, आणि तिसरा संपेपर्यंत चहा गार झालेला असतो.

माझ्या डोक्यातलं चित्र वेगळं होतं. थरथरत्या हातांनी फोन पुढे करणारे आजी-आजोबा, शेजारी शांतपणे बसलेली मी, आणि शेवटी, "बाळ, तू होतीस म्हणून वाचलो." हे चित्र मी स्कॉटलंडमधल्या एका लायब्ररीत प्रबंध लिहिता लिहिता रंगवलं होतं. प्रबंधाचा विषयच तो: घरच्या माणसाच्या नावाने येणारे फसवे मेसेज, आणि लोक त्यांची तक्रार का करत नाहीत. सीवूड्सला येऊन पाहते तर आमच्या सोसायटीत फसलेला एकही माणूस नाही. फसतात ते सगळे यांच्या चुलत भावाचे शेजारी.

एक अपवाद होता. माझी आई.

गेल्या वर्षी एका रविवारी मी तिला नेहमीप्रमाणे फोन केला. ती म्हणाली, "झाला का गं फोन दुरुस्त?" मी विचारलं, कुठला फोन? ती एकदम कढीपत्त्याच्या कुंडीबद्दल बोलायला लागली. पुढचं मला मामाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. कुणीतरी माझ्या नावाने "आई, हा माझा नवा नंबर" असा मेसेज केला, तीन दिवस गप्पा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडून पैसे काढून घेतले. तिने ना पोलिसांना सांगितलं, ना शेजाऱ्यांना, ना मला. तक्रार कर म्हटलं की उत्तर ठरलेलं: "जाऊ दे गं, माझंच चुकलं."

मी पाचवीपासून पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये, मग बंगळूरला, मग स्कॉटलंडला. घरी सलग कसं राहायचं ते मला फारसं माहीत नव्हतं, पण तक्रार कशी नोंदवायची ते तोंडपाठ होतं. ज्या नंबरची तक्रार होत नाही, तो नंबर आज दुसऱ्या कुणाच्या तरी आईला मेसेज करत असतो, हे वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत असे. तिकडची नोकरी नाकारून परत आले, सोसायटीकडून रविवारी दहा ते बारा क्लबहाउस मागून घेतलं आणि एक नवी वही आणली. पहिलं पान कोरं सोडलं. ते आईसाठी.

* * *

क्लबहाउसमध्ये टेबल एकच, टेबल टेनिसचं. मधली जाळी काढायला परवानगी मिळाली नाही, कारण एकदा काढली की परत नीट बसत नाही म्हणे. त्यामुळे जाळीच्या अलीकडे मी आणि पलीकडच्या खुर्चीत तक्रारदार. भिंतीवर माझा तक्ता, लाल मार्करने लिहिलेल्या तीन खुणा:

१. नवा नंबर.
२. घाई.
३. नेहमीपेक्षा जास्त माया.

तिसरी खूण कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती माझी स्वतःची. पहिल्या रविवारी मी मोठ्या तळमळीने समजावून सांगितलं, की आपली माणसं आपल्याशी कामापुरतं बोलतात. ज्याला आपल्याकडून काही काढायचं असतं, तोच जेवलात का विचारतो. समोरच्या सगळ्या ज्येष्ठांनी एकमताने माना हलवल्या. आई मागे थर्मासमधला चहा कपांत ओतत होती.

आणखी एका नियमावर मी अडून बसत असे. तक्रार अर्धी द्यायची नाही. पहिल्या मेसेजपासून शेवटच्या मेसेजपर्यंत सगळं जोडायचं, एकही ओळ न गाळता. "लाज वाटते म्हणून वगळलंत तर तपास तिथेच अडतो," असं मी म्हणायचे, तेव्हा आईकडे बघायचं कटाक्षाने टाळायचे.

* * *

मोहिमेतली पहिली तक्रार माझ्याविरुद्ध झाली.

इथलं सिमकार्ड घेतल्यावर मी सगळ्यांना कळवलं: "नमस्कार, मी तन्वी, हा माझा नवा नंबर. रविवारी लवकर या, तुमच्या सगळ्यांची वाट बघतेय." पाठवून झाल्यावर लक्षात आलं, तिन्ही खुणा हजर आहेत. तोवर उशीर झाला होता. अर्ध्या तासात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राणेसाहेब यांनी माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट सगळ्या विंगांना पाठवला. वर लाल अक्षरांत, "सावधान! तन्वीच्या नावाने फ्रॉड सुरू." बहुतेकांनी मला ब्लॉक केलं आणि रिपोर्टही केलं. पुढच्या रविवारी प्रत्येक जण अभिमानाने फोन दाखवायला आला. त्यांना शाबासकी देण्यावाचून माझ्यापुढे पर्याय नव्हता.

एकट्या आईने काहीही न विचारता नंबर सेव्ह करून टाकला होता.

मी तिला त्यावरून चांगला अर्धा तास बोलले.

* * *

कदमकाका मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शब्द जपून वापरणारे. मुलगा रबाळ्याच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला त्यांच्याजवळच. काकांना मेसेज आला: "पप्पा, फोन बिघडलाय, हा नवा नंबर, अर्जंट मदत हवीये."

काकांनी उत्तर दिलं, "आईमार्फत ये."

पलीकडचा गडबडला. आई कामात आहे, तुम्हीच काहीतरी करा, असं म्हणाला. काकांनी लिहिलं, "मग थांब." तो खरोखरच थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने आईचा नंबर मागितला. काकांनी विचारलं, "तुझ्याकडं स्वतःच्या आईचा नंबर न्हाई?" त्यानंतर तो कायमचा गप्प झाला.

मी भारावून गेले. हे आईमार्फत प्रकरण तुम्हाला सुचलं कसं, म्हणून विचारलं. काका सहज म्हणाले, "सुचायचं काय त्यात? पोरगं चौतीस वर्षांचं झालं. अजून एकदाबी त्यानं मला थेट काही मागितलेलं न्हाई. मधी आई लागतीच."

वहीत 'ओळखण्याची पद्धत' असा रकाना होता. मी त्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरातला संवादाचा नेहमीचा मार्ग.' लिहून होतंय तोच शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "परवा त्याला गाडीची किल्ली सापडंना. मी देवळात गेलेले. मग त्यानं यांनाच मेसेज केला, स्वतःच्या नंबरावरनं."

"मग?"

"मग काय. यांनी रिपोर्ट केला. पोरगं बसनं गेलं."

* * *

मग मी प्रत्येक घराने एक गुप्त शब्द ठरवावा अशी कल्पना मांडली. फक्त घरच्यांना ठाऊक असलेला एखादा शब्द. शंका आली की तो विचारायचा. सांगता आला तर माणूस आपलं, नाहीतर फोन बंद.

राणेसाहेबांना ही कल्पना फार आवडली. ते एका खासगी कंपनीत प्रशासन विभागात होते, आणि नोंद नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी घडलेलीच नसते. त्यांनी छापील फॉर्म काढला: फ्लॅट नंबर, कुटुंबप्रमुखाचं नाव, गुप्त शब्द, सही. चार दिवसांत सगळे फॉर्म भरून घेतले. ज्येष्ठ मंडळी शब्द विसरतात अशी तक्रार आल्यावर त्यांनी पूर्ण यादी टाइप केली आणि गेटजवळच्या नोटीस बोर्डावर काचेमागे लावली. वर शीर्षक: 'गोपनीय.'

मी धावत त्यांच्याकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "काढतो की. पण लावताना कमिटीचा ठराव केलाय, काढतानाही करावा लागेल. मीटिंग पंधरा तारखेला."

त्याच आठवड्यात ४०२ मधल्या कुलकर्णीकाकू खुर्चीत येऊन बसल्या. त्यांच्या फोनवर मेसेज होता: "वहिनी, मी सोलापूरहून कुंदा. नंबर बदललाय. गुरुवारी नातवंडांना घेऊन येतेय, महिनाभर राहू." मी सगळं तपासलं. जुन्या नंबरवर फोन लावून पाहिला, तो खरोखर बंद होता. बोलण्यात कुठेही घाई नव्हती, माया तर नावालाही नव्हती. मी म्हटलं, काकू, काळजी करू नका, या तुमच्या नणंदबाईच आहेत.

काकू जाळीवरून पुढे वाकल्या. "ते मला माहितेय गं. तू फक्त फ्रॉड म्हण."

मी त्यांना तत्त्व समजावलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, आईने दिलेला चहा प्यायला आणि घरी जाऊन नंबर ब्लॉक केला. विचारलंच कुणी, तर तन्वीने सांगितलं म्हणायचं, हेही ठरवून टाकलं. हे मला नंतर कळलं, तसंच हेही कळलं की असा उपयोग करणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. दोन व्याही, एक साडू आणि गावाकडचे एक काका माझ्या नावावर फसवे जाहीर झाले होते.

गुरुवारी दुपारी कुंदाताई दोन नातवंडं आणि तीन बॅगा घेऊन गेटवर उतरल्या. फोन लागेना. वॉचमनने राणेसाहेबांच्या नव्या सूचनेप्रमाणे गुप्त शब्द विचारला. कुंदाताईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वॉचमनच्या मागे बोर्ड होता. "४०२ ना? पुरणपोळी." वॉचमनने सलाम करून लिफ्टचं दार उघडलं.

वर गेल्यावर त्या काकूंच्या गळ्यातच पडल्या. म्हणाल्या, "वहिनी, किती गं तुझं प्रेम. आमच्यासाठी काय बेत केलायस ते थेट गेटवर लिहून ठेवलंस?"

काकूंनी त्या संध्याकाळी पुरण घातलं. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

* * *

एवढ्या रविवारांत वही अर्धी भरली, पण त्यात फसलेला माणूस नव्हताच. सगळ्या हकिकती कोण कसा वाचला याच्या. प्रत्येकाला वाटे, आपण किती सावध आहोत ते नोंदवलं गेलं पाहिजे. आई दर रविवारी यायची, चहा द्यायची, कप गोळा करायची. खुर्चीकडे फिरकायची नाही. पहिलं पान तसंच होतं. एकदा घरी मी विषय काढला, तर ती म्हणाली, "तिथे सगळे हुशार लोक येतात गं. मी कशाला?"

आमच्या मागच्या गेटवर दिवाळे गावच्या हिराबाई मासे घेऊन बसतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. एका रविवारी मावशी पाटी बाहेर ठेवून थेट आत आल्या आणि कुणी बोलवायच्या आत खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी फसलेली हाय. लिव."

मी पेन उचललं.

हकिकत अशी. मागच्या पावसाळ्याआधी मुलगा होडी घेऊन खाडीत गेलेला असताना मावशींना मेसेज आला, की आई, फोन पाण्यात पडला, हा नवा नंबर. "आता तो खाडीत हाय, तं फोन पान्यातच पडनार ना. रस्त्यावर पडला बोलला असता तं मी इचारलं असतं." त्यांनी विश्वास ठेवला. गाठीचं गेलं. सांजेला मुलगा किनाऱ्याला लागला तो फोनवर गाणी ऐकत.

राणेसाहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, हे असं चारचौघांत सांगायला तुम्हाला काही वाटलं नाही?"

"चोरी त्यानं केली. लाज मना कशाला?"

आईच्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडलं आणि टेबलाखाली घरंगळत गेलं. तिने ते उचललं नाही.

मावशींची हकिकत संपली नव्हती. यंदा तोच मेसेज पुन्हा आला. या वेळी मुलगा शेजारी बसून जाळं शिवत होता. मावशींनी फोन घेतला आणि मासळी बाजारात ओळीने बसलेल्या सगळ्या बायकांना तो नंबर दिला. दुपारचं गिऱ्हाईक कमी झाल्यावर चौदा जणींनी एकाच वेळी त्या माणसाला मेसेज सुरू केले. प्रत्येकीचा मजकूर एकच: "आई बोलते. जेवलास काय?" तो एकीला उत्तर देई तोवर दुसरी विचारत होती. एकीने तर भाकरी कोण करून देतं तुला, अशीही चौकशी केली. तासाभराने त्याने लिहिलं, "सॉरी आई." कुठल्या आईला, ते कळलं नाही. मग चौदाही जणींनी रिपोर्ट दाबलं, आणि मावशींच्या मुलाने हेल्पलाइनला फोन करून सगळं सांगितलं. नंबर बंद पडला.

माझ्या सहा महिन्यांच्या मोहिमेत रीतसर बंद पडलेला हा पहिला नंबर. तो पाडणाऱ्या चौदांपैकी एकीनेही माझा तक्ता पाहिला नव्हता. मावशींनी जाताना तो पाहिला. चष्मा घरी राहिला म्हणून मला वाचायला लावला. तिसऱ्या खुणेला त्या थांबल्या. "जास्त माया? मंग कमी कोन करतं?" असं म्हणून पाटी उचलून गेल्या.

* * *

बारा वाजत आले होते. टेबल टेनिसवाले दाराशी रॅकेट घेऊन उभे होते. राणेसाहेब त्यांना पाच मिनिटं थांबा म्हणाले आणि का कोण जाणे, स्वतःही बाहेर गेले.

आईने टेबलाखाली वाकून झाकण काढलं, थर्मास बंद केला आणि पलीकडच्या खुर्चीत बसली.

"लिही," ती म्हणाली.

मी पहिलं पान उघडलं. तक्रारदाराचं नाव लिहिलं. पत्ता मला माहीत होता. कुणाच्या नावाने मेसेज आला, असा रकाना होता. तो मी न विचारताच भरला. मग आईने जाळीवरून फोन माझ्या हातात दिला.

तो संवाद मी तोपर्यंत पाहिला नव्हता. इंग्रजी अक्षरांतलं मोडकं मराठी. "आई, फोन पडला, हा माझा नवा नंबर." आईने लिहिलं होतं, "बरं. जेवलीस का?" पलीकडून उत्तर, "हो. तू?"

पुढे आईने गुडघा दुखतोय म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडून पहिलाच प्रश्न, गुडघा कसा आहे. शेक घेतलास का. आज काय केलंस जेवायला. आईने अळूच्या भाजीचा फोटो पाठवला होता. तिकडून, "मला पण हवी होती." मग कढीपत्त्याच्या कुंडीचा फोटो. मग बाबांच्या जुन्या स्वेटरचा, उसवलेली बाही नव्याने विणून पूर्ण केलेला. तिकडून, "किती छान. हे तू केलंस?" असं पानांमागून पानं. तिसऱ्या दिवशी दुपारी घाई सुरू होत होती, आणि तिथून पुढे फक्त आठ-दहा मेसेज.

मी माझा फोन काढला आणि त्याच तीन दिवसांत माझ्या तेव्हाच्या खऱ्या नंबरवरून तिला काय गेलं होतं ते पाहिलं. काही गेलं नव्हतं.

वहीत पुढचा प्रश्न माझ्याच अक्षरात होता: 'संशय का आला नाही?' मी तो वगळणार होते. आईने तो जाळीच्या पलीकडून उलटा वाचला.

"आला होता," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीच आला होता. पण विचारणार कसं? आणि खरंच तूच असतीस तर?"

बाहेर चेंडू जमिनीवर टपटप आपटत होता.

फोन परत घेताना आई थांबली. बोटाने पडदा वर सरकवत सरकवत तिने तिसऱ्या दिवसाची दुपार शोधली आणि मला दाखवली. "इथून पुढचे दे पोलिसांना. पहिले दोन दिवस राहू देत माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरकारी पोर्टलवर आईची तक्रार भरली. नाव, नंबर, तारीख, आणि जोडलेले आठ-दहा स्क्रीनशॉट, तिसऱ्या दिवसाच्या दुपारपासूनचे. स्वयंपाकघरात आई अळूची पानं निवडत होती. खाली शेवटची चौकट होती: माझ्याकडे असलेले सर्व पुरावे मी जोडले आहेत.

मी 'हो' केलं.